तुरटी कागदाला, पाण्याला नव्हे

लातूरच्या त्या गल्लीत आयांना करमणूक मना होती. तसा बोर्ड कुठं लावलेला नव्हता, पण मला पहिल्याच आठवड्यात कळलं. गल्लीच्या तोंडाशी क्लासेस, क्लासेसच्या मागं भाड्याच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एक पोर आणि त्याच्यासाठी स्वयंपाक करणारी एक आई. कुणी मुखेडची, कुणी उदगीरची, मी कंधारची. नवरे गावाकडं शेत नाहीतर दुकान सांभाळायला, आणि आम्ही इथं पोरांना डॉक्टर करायला. पोरं सकाळी जायची, दुपारी जेवून थोडी पडायची, पुन्हा जायची. मधल्या वेळात आम्ही काय करायचं, तर काही नाही. टीव्ही नको, पोराचं लक्ष जातं. गप्पा हळू मारा, शेजारचं पोर वाचतंय. एक बाई तर शिट्टी व्हायच्या आत कुकर उतरवायची. तिच्याकडचं वरण कायम कच्चं असायचं.

"आईची तपश्चर्या असती बाई ही," घरमालकीण काकू म्हणायच्या. तपश्चर्या करणाऱ्याला शेवटी देव तरी भेटतो. मला चार वाजता भेंडी चिरायची असायची.

मी शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड घेतलेली मुलगी आहे. हे मी सांगितलं की लोक हसतात, म्हणून मी मुद्दाम सांगते. पुढं चित्रकलेचा डिप्लोमा करायचा होता. वडील म्हणाले चित्रानं पोट भरत नाही, आणि कंधारचं स्थळ आलं. नवऱ्याचं खताबियाण्यांचं दुकान, घरची जमीन, माणसं वाईट नाहीत. पण त्या घरात माझी म्हणून एक वस्तू नव्हती. डबे होते, भांडी होती, पोळपाट होता, ते सगळं घराचं. मुलगी अकरावीला लातूरला आली, तिच्यामागं मी आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा रोज काही रिकामे तास माझ्या पुढ्यात येऊन पडले. त्यांचं काय करायचं ते मला कुणी विचारलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोबाइलवर भाज्यांचे प्रकार बघता बघता एक व्हिडिओ समोर आला. एक ताट, ताटात स्थिर पाणी. एक म्हातारा हात ब्रशच्या टोकानं पाण्याला काळा ठिपका लावतो. ठिपका पसरून वर्तुळ होतं. त्याच्या मधोमध दुसऱ्या ब्रशनं नुसत्या तेलकट पाण्याचा ठिपका, की काळ्याची होते कडी. पुन्हा काळा, पुन्हा पाणी. कड्यांच्या आत कड्या. मग हळूच फुंकर, आणि सगळ्या कड्या वाकड्या होतात. वर कागद ठेवतो, उचलतो, कड्या कागदावर. जपानी पद्धत, नाव सुमिनागाशी. तव्यावरची भाकरी करपली तरी माझं लक्ष नव्हतं.

दुसरा व्हिडिओ युरोपातल्या एका बाईचा. तिचं पाणी साधं नव्हतं, बुळबुळीत होतं, कशाच्या तरी खळीसारखं. त्यावर ती काड्यांच्या कुंच्यानं रंग शिंपडायची, सुईनं ओढायची, फणीनं विंचरायची, आणि कागदावर मोरपिसासारखी नक्षी यायची. वडिलांच्या कपाटातल्या जुन्या कायद्याच्या पुस्तकांना आतून असलाच कागद लावलेला असायचा. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत बसायचे आणि हे मशीन कसं काढत असेल याचा विचार करायचे. मशीन नव्हतंच. हात होते. त्या म्हाताऱ्याचा आणि त्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नाही, त्यांची भाषा मला कळत नाही, पण त्यांचे हात मी शंभर हातांत ओळखीन.

ठरवलं, हे आपण शिकायचं. सामान काय लागतं? जपानी शाई म्हणजे काजळी. ती मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लेक तान्ही असताना तिच्या डोळ्यांसाठी मी काजळ धरलेलं आहे. दिवा लावला, वर ताटली उपडी धरली, खरवडलेल्या काजळीत बाभळीचा डिंक घोटला. युरोपातल्या बुळबुळीत पाण्यासाठी जवस उकळला. आमच्याकडं जवसाची चटणी होते, तो उकळला की किती चिकट होतो हे भांडी घासणाऱ्या बाईला माहीत असतं. रंग पसरावा म्हणून ती बाई त्यात बैलाचं पित्त घालायची. आता ते मी कुठून आणू, आणि आणलं तर गावात त्याच्या किती गोष्टी होतील! मी रिठ्याचं पाणी घातलं. शिंपडायला खराट्याच्या काड्या. फणी म्हणून थर्माकोलच्या पट्टीत टाचण्या. ट्रे म्हणून फोटोच्या दुकानातून पडीक प्लास्टिकचा ट्रे आणला. आणि कागद? लातुरात कागदाला तोटा नाही. क्लासच्या सराव परीक्षांचे गठ्ठे खोलीत पडलेले असायचे, एका बाजूनं छापलेले, पाठ कोरी.

सगळं जमलं, आणि काहीच जमेना.

काजळीच्या कड्या व्हायच्याच नाहीत, नुसते दाणे व्हायचे. जवसाच्या पाण्यावर रंग टाकला की फाटलेल्या दुधासारखा गोळा होऊन तळाला जायचा. मी जवस बदलला, डिंक बदलला, रंग बदलले. थंडी असेल म्हणून ट्रे उन्हात ठेवला. धूळ असेल म्हणून पाणी धोतराच्या फडक्यातून गाळलं. मग स्वतःला बोल लावायला सुरुवात केली. वय झालं, हात गेला, ए ग्रेड त्या वर्षी सगळ्यांनाच दिली असेल.

युरोपातली बाई कागदाला आधी तुरटीचं पाणी लावून वाळवायची. रंग कागदाला धरून ठेवते ती तुरटी. तेवढं मी करत होते. एक दिवस तोच व्हिडिओ बघताना माझ्या लक्षात आलं की तुरटी लावून झाली की ती बाई हात धुते. साबणानं. मगच ट्रेकडं जाते. दर वेळी. ही एवढी का हात धुते?

आणि माझी नजर मोरीतल्या ड्रमाकडं गेली. ड्रमाच्या कडेला दोरीला बांधलेला तुरटीचा खडा लोंबत होता.

लातुरात टँकरचं पाणी आलं की ड्रम भरायचा आणि लगेच त्यात तुरटी फिरवायची. गाळ खाली बसतो. कंधारलाही आम्ही तेच करतो, माझी आई तेच करायची. हाताला ते वळणच आहे, झोपेतसुद्धा हात गोल फिरेल. गाळ खाली बसवायला जी तुरटी, तीच पाण्यात आधीपासून असल्यावर माझी काजळी वर कशी राहील? ती बिचारी गाळाबरोबर खाली बसत होती. तुरटी कागदाला लावायची, पाण्याला नाही. त्या युरोपातल्या बाईला ही चूक कुणी समजावून सांगितली असती तरी तिला कळली नसती. ती करायला मराठवाड्याची बाईच लागते.

मी खूप हसले. मग प्रश्न उरला, बिनतुरटीचं पाणी आणायचं कुठून. बोअरचं पाणी जड, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, त्यावर रंग नीट पसरत नाही. विकतच्या जारचं पाणी वापरून पाहिलं, जरा जमू लागलं. पण ते लगेच गल्लीत कळलं. "पेयाचं पाणी रंगात घालून राहिली बाई," असं माझ्या तोंडावर म्हणाल्या एक मुखेडच्या ताई. लातुरात हे बोलणं लागतं. इथल्या माणसानं पाण्यासाठी काय काय पाहिलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना उलटून बोलले नाही.

मार्चमध्ये क्लासेसचे एसी सुरू झाले. एकदा मुलीला विसरलेला डबा द्यायला गेले तेव्हा इमारतीच्या मागच्या बोळात भिंतीतून निघालेले पाइप टपटप करत होते. ते पाणी गटारात चाललं होतं. हवेतनं आलेलं पाणी, त्यात ना क्षार ना तुरटी. दुसऱ्या दिवसापासून मी मुलीला दुपारी जेवायला वाढलं की बादली घेऊन निघायचे, ती पाइपाखाली लावायचे आणि भरेपर्यंत तिथंच उभी राहायचे.

वॉचमननं हटकलं. "मावशी, हे पाणी पेयाचं न्हाई."

"कागदाला पाजायचंय," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि खुर्ची जरा लांब सरकवून घेतली.

त्या पाण्यावर पहिल्यांदा ब्रश टेकवला तेव्हा काळं वर्तुळ असं उमललं की मी श्वास घ्यायला घाबरले. कडीत कडी, कडीत कडी. फुंकर मारली तर त्या नदीच्या वळणासारख्या वळल्या. वर कागद टेकवला, उचलला. एका बाजूला पेशींच्या विभाजनाचे प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला माझ्या कड्या. खोलीत एकटीच होते, मी आनंदानं ओरडले. शेजारच्या खोलीतून "श्शू" आलं. मी पुन्हा ओरडले.

मग मला कुणी आवरू शकलं नाही. जवसाच्या पाण्यावरही रंग बसू लागले. काळा, लाल, निळा, हळदीचा नको म्हणून पोस्टर कलरचा पिवळा. कुठला रंग आधी टाकला, कुठला मागून, यावर सगळा खेळ. आधी टाकलेल्याला मागचे रंग रेटतात आणि त्याच्या बारीक शिरा होतात. गॅलरीत दोरी बांधली आणि तिच्यावर कागद वाळत घातले. एकदा दोरीवर लाल शिरांचा एक मोठा कागद दिसला, बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस. हा कधी केला, आठवेना. पण हाताला यश आलं की माणूस फार चौकशी करत नाही. मी तो भिंतीला लावला आणि येताजाता त्याच्याकडं बघून स्वतःवर खूश होत राहिले.

एप्रिलमध्ये मुलीचे सराव परीक्षेतले मार्क घसरले. घसरतात, सगळ्यांचेच वरखाली होतात. पण कुणीतरी कंधारला फोन केला. रविवारी कंधारहून आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, आले, सोबत नांदेडहून माझी थोरली नणंद. ताईंचा माझ्या लेकीवर जीव आहे, हे मी आधीच सांगते. त्यांनी तिच्यासाठी नांदेडहून लाडू आणले होते. खोलीत पाऊल टाकलं, दोरीवरचे कागद पाहिले, भिंतीवरचा लाल कागद पाहिला, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "पोरीचं नशीब टांगणीला लागलंय आन ही इथं रंगपंचमी खेळून राहिली!"

"ताई, ती क्लासला गेल्यावर करते मी."

"तू करती म्हणूनच तिचं चित्त जागेवर न्हाई. आईचं ध्यान पोरीवर पाहिजे. फिजूल धंदे हाईत हे."

आणि त्यांनी ट्रे उचलला, मोरीत नेला आणि उपडा केला. बादली बादली गोळा केलेलं पाणी, आदल्या दिवशी उकळलेला जवस, सगळं रंगीत होऊन जाळीतून गेलं. मी दारात उभी होते. अंगाचा तिळपापड झाला होता, पण थोरल्या नणंदेचा हात कसा धरायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मालक मधे पडले. ते कधी आवाज चढवत नाहीत. "माझं काय म्हणणं हाय, परीक्षा होईपर्यंत तेवढं बंद ठेव. मग कर की."

"तुम्ही दुकान बंद ठेवता का परीक्षा होईपर्यंत?"

"दुकानाचं आन याचं काय?"

"तुमच्या दुकानामुळं मार्क कमी व्हत न्हाईत, तर माझ्या ट्रेमुळं कसे व्हतील?"

यावर ताई बोलल्या, पण ते लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळची गाडी धरून दोघं गेले. दुसऱ्या दिवशी मी ट्रे धुतला आणि मागच्या कोपऱ्यातून काढून पुढच्या गॅलरीत, सगळ्या गल्लीला दिसेल असा मांडला. बादली घेऊन एसीखाली उभी राहिले तेव्हा मान वर होती. काकू म्हणाल्या, लोक काय म्हणतील. मी म्हणाले, "म्हणूद्यात. त्यांनाबी काहीतरी करमणूक पाहिजेच ना."

बोलले खरी, पण मुलीला काही कमीजास्त झालं तर सगळं माझ्यावर येणार, हे मला कळत होतं. मी तिला विचारलंही, "तुला त्रास होतो का गं याचा?" तिनं पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं, "न्हाई. चालू राहू दे." तेवढ्यावर मी मे महिना काढला.

जूनमध्ये निकाल लागला. मेडिकलला लागत होते त्यापेक्षा तिला बरेच कमी मार्क पडले.

तोवर आम्ही खोली सोडून कंधारला परत आलो होतो. मालकांनी सामानात ट्रे बघितला आणि जीपच्या टपावर बांधला. निकालानंतर घरी माणसं यायला लागली, मयतीला येतात तशी. चपला काढायची, खाली मान घालून बसायची, उसासा टाकायची, चहा घ्यायची. लेक आतल्या खोलीत दार लावून. तिसऱ्या दिवशी ताई आल्या. ओसरीत दीर होते, जाऊ होती, शेजारचे दोघं होते. ताईंनी सगळं ठरवून आणलं होतं. पोरगी अजून एक वर्ष लातूरला बसेल. सोबत यंदा त्या जातील, मी न्हाई. आणि तो ट्रे भंगारात द्यायचा.

"तुझ्या त्या रंगानं पोरीचं वाटोळं केलं," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते रडणं.

माझा संयम संपला. "ताई, त्या गल्लीत किती आया होत्या! एक रोज पारायण करायची. तिच्या पोराला माझ्या पोरीहून कमी पडले. एकीनं दोन वर्षं कुकरची शिट्टी होऊ दिली न्हाई. तिचा पोरगा बी राहिला. त्यांनी कोणता ट्रे ठेवला होता? सांगा ना. मार्क कमी पडले ते पडले. तिनं अभ्यास केला, म्या भाकरी थापल्या, दोघींनी कसर ठेवली न्हाई. मधल्या वेळात म्या काय करायचं ते माझं मी बघीन."

तेव्हा आतलं दार उघडलं. लेक बाहेर आली, तीन दिवस न विंचरलेले केस, सुजलेले डोळे.

"आत्या, मम्मीला एकटीला काय बोलता? म्या बी टाकायचे रंग. मम्मी पाणी आणायला गेली की, जेवण झाल्यावर. झोप यायचीच न्हाई. डोळे मिटले की पेपर दिसायचा. ते रंग टाकताना तेवढं दिसायचा न्हाई." मग माझ्याकडं बघून, खालच्या आवाजात, "भिंतीवरचा तो लाल कागद माझा हाय."

दोन महिने त्या कागदापुढं उभी राहून मी माझ्या हाताचं कौतुक केलं होतं.

ताईंनी कपाळावर हात मारला. "ऐका! ऐका आता! आईनंच पोरीला नादी लावलं. आम्ही म्हणत नव्हतो?"

ओसरीतली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि ते अगदी खरं होतं. तेवढं एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. मालक माझ्याकडं बघत होते, बोल की, अशा नजरेनं. पण मी सुटले असते तर मागं एकटी लेक उरली असती, आईच्या पाठीमागं वेळ वाया घालवणारी, परीक्षेत पडलेली. आणि मला आठवलं, इंटरमिजिएटचा निकाल घेऊन मी अशीच दारात उभी होते, आणि माझ्या बाजूनं घरातलं एक माणूस बोललं नव्हतं.

"हाव," मी म्हणाले. "म्याच लावलं नादी. आन यंदा ती लातूरला जायची का न्हाई ते ती ठरवील. गेली तर मी जाईन सोबत, आन ट्रे बी जाईल."

जाऊबाईंनी चहाचे कप गोळा करायला घेतले. मी लेकीजवळ गेले. विचारायचं बरंच होतं, पण तोंडून आलं ते एकच.

"लाल आधी टाकला होतास ना?"

"हाव," ती म्हणाली. "आधी लाल, मग काळा."

"तरीच," मी म्हणाले, आणि पन्हाळीखाली भरून ठेवलेल्या घागरीतलं पावसाचं पाणी ट्रेमध्ये ओतायला घेतलं.